आंद्रेई तुपोलेव्ह: कैदेत बॉम्बर, सुटल्यावर प्रवासी विमान

४ नोव्हेंबर १९७७. पंतप्रधान मोरारजी देसाईंना घेऊन दिल्लीहून निघालेलं हवाई दलाचं विमान रात्रीच्या अंधारात आसामातल्या जोरहाटला उतरायच्या बेतात होतं. धावपट्टी काही साधली नाही. टेकेलागाव नावाच्या खेड्याजवळ विमान भातशेतात आदळलं. पुढच्या भागाचा चुराडा झाला. विंग कमांडर क्लॅरेन्स डिलिमा आणि त्यांचे सहकारी, असे हवाई दलाचे पाच जण जागीच गेले. मागच्या केबिनमधले प्रवासी मात्र वाचले. पंतप्रधानांचे चिरंजीव कांतिलाल, गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख जॉन लोबो, अरुणाचलचे मुख्यमंत्री पी. के. थुंगन अशी मंडळी त्यात होती. काहींना चांगलाच मार लागला. ८१ वर्षांचे मोरारजीभाई मात्र धडधाकट बाहेर आले. गावकरी मदतीला धावले.

मोरारजी हे नाव निघालं की बेळगाव-निपाणीपासून मुंबईपर्यंतच्या मराठी माणसाला १९५६ आठवतं, आणि ते काही प्रेमाने आठवत नाही. तो विषय वेगळा. इथे गोष्ट आहे त्या विमानाची, आणि त्याहून जास्त ते विमान ज्याच्या कारखान्यातून निघालं त्या माणसाची.

विमान होतं रशियन बनावटीचं, टीयू-१२४. यातलं टीयू म्हणजे तुपोलेव्ह. दोन जेट इंजिनं, पंख मागे झुकलेले, आणि नाकाला काचेची खिडकी. प्रवासी विमानाच्या नाकाला काच कशासाठी? तर तिथे नॅव्हिगेटर बसायचा, म्हणजे वाट दाखवणारा. आणि तो तिथे का बसायचा, तर या घराण्यातला मूळ पुरुष प्रवासी नव्हताच. तो बॉम्बर होता. टीयू-१६ या बॉम्बफेकी विमानावरून टीयू-१०४ हे प्रवासी विमान निघालं, आणि टीयू-१०४ लहान करून टीयू-१२४. आजोबांचं नाक नातवाला आलं, इतकंच.

आंद्रेई निकोलायेविच तुपोलेव्ह यांचा जन्म १० नोव्हेंबर १८८८ चा. मॉस्कोच्या वायव्येला त्वेर प्रांतात पुस्तोमाझोवो नावाचं गाव आहे, तिथला. वडील कायद्याच्या दस्तऐवजांचं काम सोडून शेतीकडे वळलेले, घरात पोरंबाळं बरीच, पैसा बेताचा. १९०८ मध्ये आंद्रेई मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयात दाखल झाला. तिथे प्राध्यापक निकोलाय झुकोव्हस्की हवेच्या शास्त्रावर शिकवत होते. रशियात विमानविद्येचा पाया ज्यांनी घातला ते हे झुकोव्हस्की. त्यांच्या मंडळात या पोराने ग्लायडर बांधायला हात लावला आणि स्वतः उडवूनही पाहिला. राइट बंधूंना पहिलं उड्डाण करून तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती.

१९११ मध्ये विद्यार्थी चळवळीत भाग घेतला म्हणून झारच्या पोलिसांनी त्याला पकडलं आणि गावी पाठवून दिलं. त्याच सुमारास वडील वारले. पुढची दोन-तीन वर्षं शेतीत गेली. परत येऊन शिक्षण पुरं व्हायला १९१८ उजाडलं. तोवर झार गेला होता आणि बोल्शेविक आले होते. राज्यकर्ते बदलले तरी या माणसाच्या नशिबात तुरुंगाची दारं पुन्हा यायची होती, फक्त पुढच्या वेळी ती फार जड होती.

डिसेंबर १९१८ मध्ये झुकोव्हस्कींनी सरकारी मदतीने विमानशास्त्राची मध्यवर्ती संस्था काढली आणि तुपोलेव्ह त्यांचे उजवे हात झाले. त्या वेळी जगभर विमानं लाकडाची आणि कापडाची असत. तुपोलेव्ह धातूच्या मागे लागले. रशियात लाकूड अमाप आणि ॲल्युमिनियमचा दुष्काळ, त्यामुळे लोकांना हा हट्ट वाटला. त्यांनी ड्युरॅल्युमिन हा मिश्रधातू देशातच तयार करवून घेतला. १९२४ मध्ये त्यांचं पहिलं पूर्ण धातूचं विमान उडालं. १९२५ मध्ये दोन इंजिनांचं धातूचं बॉम्बर, १९३० मध्ये चार इंजिनांचं. जगातल्या कुठल्याही देशाला हेवा वाटावा असं ते काम होतं.

मग आलं मॅक्सिम गॉर्की. आठ इंजिनं, ६३ मीटर पंख, आत छापखाना, सिनेमा, आकाशातून भाषण ऐकवणारे भोंगे. म्हणजे विमान कमी आणि उडती प्रचारसभा जास्त. १८ मे १९३५ रोजी या विमानाभोवती कसरती करणारं एक छोटं लढाऊ विमान त्यावर आपटलं आणि चाळीसहून अधिक माणसं मेली. मेलेल्यांत संस्थेतलेच कामगार आणि त्यांच्या घरची माणसं होती. दोन वर्षांनी, जून १९३७ मध्ये, वालेरी च्कालोव्ह तुपोलेव्हच्या एका लांब पंखांच्या विमानातून उत्तर ध्रुवावरून थेट अमेरिकेत उतरला. सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या.

त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला तुपोलेव्हना अटक झाली.

स्टालिनच्या त्या वर्षांत अटकेला कारण लागत नसे, आरोप मागाहून बेतला जाई. यांच्यावर घातपात आणि हेरगिरी असा दुहेरी आरोप ठेवला गेला. विमानांचे नकाशे जर्मनांना विकले, अशी वदंता पसरवण्यात आली. बायको युलियालाही पकडलं. मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात तुपोलेव्हना मारहाण झाली नाही, पण तासन्‌तास उभं ठेवून चौकशी चालली. अंगाने जाड माणूस, उभं राहणंच त्यांना शिक्षा होती. शेवटी त्यांनी कबुलीजबाबावर सही केली.

धार जिल्ह्यात, अमझेऱ्याच्या परिसरात, राजद्रोहाच्या आरोपाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात त्यांना फाशी दिलं गेलं. राणांनी बंड केलं होतं आणि इंग्रजांनी त्याची शिक्षा दिली. ती क्रूर होती पण त्यात गोंधळ नव्हता. तुपोलेव्हनी बंड केलंच नव्हतं. उलट ज्या सरकारने त्यांना देशद्रोही ठरवलं, त्याच सरकारला त्यांच्याकडून विमान हवं होतं. म्हणून फाशी न देता त्यांना ड्रॉइंग बोर्डापुढे बसवलं.

कैदी शास्त्रज्ञांसाठी रशियात खास तुरुंग होते. त्यांना लोक शराश्का म्हणत. तुपोलेव्हना आधी मॉस्कोजवळ बोल्शेवोला नेलं आणि कामाला कोण कोण हवं त्यांची यादी द्यायला सांगितलं. हा प्रसंग फार बोलका आहे. बाहेर मोकळा असलेला एखादा हुशार इंजिनियर यादीत घातला तर दुसऱ्या दिवशी तो पकडला जाणार. आणि कैदेत असलेल्याचं नाव राहून गेलं तर तो सैबेरियात थंडीने मरणार. तुपोलेव्हनी जमेल तेवढ्या आधीच अटक झालेल्यांची नावं लिहिली. छावण्यांतून माणसं येऊ लागली. हाडं वर आलेली, दात पडलेली. त्यांच्यात पुढे सर्गेई कोरोलेव्हही आले. कॉलेजात तुपोलेव्हच्या हाताखाली प्रकल्प केलेले, कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत मरता मरता वाचलेले. हेच कोरोलेव्ह पुढे स्पुटनिक आणि गागारिनच्या अंतराळयानाचे जनक झाले. यादीतल्या एका नावाची किंमत किती असते, ते यावरून कळावं.

मग सगळ्यांना मॉस्कोत रेडिओ रस्त्यावरच्या इमारतीत आणलं. ही इमारत तुपोलेव्हनी स्वतःच्या डिझाइन कचेरीसाठी बांधून घेतलेली. आता तिच्या वरच्या मजल्यांवर पलंग, खिडक्यांना गज, दाराशी शिपाई. जेवण मात्र चांगलं. छावणीतून आलेली माणसं पांढरा पाव आणि लोणी बघून रडायची. फिरायला गच्चीवर जाळीचा पिंजरा केलेला. नकाशावर कुणाचंही नाव घालायचं नाही, फक्त नंबराचा शिक्का.

गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याच्या डोक्यात एक विमान होतं. चार इंजिनांचं, प्रचंड, दूर पल्ल्याचं, आणि तरी सूर मारून बॉम्ब टाकणारं. तुपोलेव्हना ते अडाणीपणाचं वाटलं. सूर मारणारं विमान छोटं आणि चपळ हवं, मोठं धूड आकाशातून खाली झेपावलं तर वर यायचं कसं? त्यांनी बेरियाला तसं सांगितलं आणि त्याऐवजी दोन इंजिनांचं वेगवान बॉम्बर सुचवलं. ज्याच्या सहीवर आपला जीव आणि आपल्या बायकामुलांचा जीव टांगलेला, त्याला नाही म्हणायचं. बेरिया भडकला, पण निवाडा तुपोलेव्हच्या बाजूने लागला. ते दोन इंजिनांचं विमान २९ जानेवारी १९४१ रोजी उडालं. पुढे ते टीयू-२ म्हणून ओळखलं गेलं आणि दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या उत्तम विमानांत गणलं गेलं. उडालं त्या दिवशी त्याचा निर्माता १५ वर्षांच्या शिक्षेचा कैदी होता.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चाल केली आणि जुलैत तुपोलेव्ह सुटले. माफी कुणी मागितली नाही. कारखाना सैबेरियात ओम्स्कला हलवला. १९४३ मध्ये त्याच टीयू-२ साठी त्यांना स्टालिन पारितोषिक मिळालं. आरोप खोटे होते हे कागदावर यायला मात्र १९५५ पर्यंत थांबावं लागलं.

१९४४ मध्ये जपानी ठिकाणांवर बॉम्ब टाकून परतणारी अमेरिकेची तीन बी-२९ विमानं अडचणीत सापडून रशियाच्या पूर्व टोकाला, व्लादिवोस्तोककडे उतरली. स्टालिनने ती ठेवून घेतली आणि तुपोलेव्हना हुकूम केला, हेच बनवा, जसंच्या तसं. त्यांच्याकडे स्वतःचं डिझाइन होतं. ते बाजूला ठेवावं लागलं. एक विमान स्क्रू न्‌ स्क्रू सुटं करून हजारो भाग मोजले. अमेरिकन पत्रा इंचाच्या मापाचा आणि रशियन कारखाने मिलिमीटरचे, त्यामुळे जाडी जुळवताना नाकी नऊ आले. १९४७ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या हवाई संचलनात ती नक्कल, टीयू-४, उडाली. तिच्या मागोमाग त्याच साच्यावरचं एक प्रवासी विमानही उडालं. ते चार इंजिनांचं होतं आणि कधी कारखान्यातून सेवेत गेलं नाही. पण बॉम्बरमधून प्रवासी विमान काढायची युक्ती तुपोलेव्हच्या हातात तेव्हापासून होती.

स्टालिनच्या शेवटच्या वर्षांतली आणखी एक गोष्ट त्यांचे सहकारी सांगत. अमेरिकेपर्यंत जाऊन परत येणारं जेट बॉम्बर हवं, असं स्टालिनने सांगितलं. तुपोलेव्ह म्हणाले, आजची जेट इंजिनं इतकं इंधन पितात की परत येणं होणार नाही. स्टालिनने ते काम दुसऱ्याकडे दिलं. दुसऱ्याचं विमान खरोखरच तेवढा पल्ला गाठू शकलं नाही. तुपोलेव्हनी पंखा फिरवणारी टर्बाइन इंजिनं लावून टीयू-९५ बनवलं, आणि ते आजही रशियाच्या ताफ्यात आहे. बेरियाला नाही, स्टालिनला नाही. असा माणूस.

म्हणूनच पुढचा भाग जरा खुपतो.

२७ एप्रिल १९५२ रोजी टीयू-१६ हे दोन जेट इंजिनांचं बॉम्बर उडालं. आकाराने मोठं, वेगाने जबर आणि दिसायला देखणं. देखणं असतं तेच नीट उडतं, अशी तुपोलेव्हची श्रद्धा होती. याच सुमारास इंग्रजांनी जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान, कॉमेट, सेवेत आणलं होतं. पण कॉमेट आकाशातच फुटू लागले. वर गेलं की आत हवेचा दाब, खाली आलं की नाही, असं पुन्हा पुन्हा होऊन धातूला थकवा यायचा आणि पत्रा फाटायचा. एप्रिल १९५४ मध्ये सगळी कॉमेट जमिनीवर बसवली गेली. मैदान मोकळं झालं.

रशियाला प्रवासी जेटची गरज खरी होती. मॉस्कोपासून पूर्व सैबेरिया म्हणजे दिवसचा दिवस विमानात. तुपोलेव्हनी हिशेब मांडला. टीयू-१६ चे पंख, इंजिनं, शेपूट, चाकं सगळं तयार आहे. कारखाने तेच, सुटे भाग तेच, वैमानिकही हवाई दलातून येतील. बॉम्ब ठेवायच्या जागेऐवजी रुंद, गोल केबिन करायची, पंख थोडे खाली घ्यायचे, की झालं प्रवासी विमान. कॉमेटची दैना पाहून केबिनचा पत्रा त्यांनी जाड घेतला आणि दाबाच्या चाचण्या करवून घेतल्या. या बाबतीत त्यांनी कुचराई केली नाही हे नोंदवायला हवं. १७ जून १९५५ रोजी टीयू-१०४ उडालं.

२२ मार्च १९५६ रोजी एक टीयू-१०४ लंडनला उतरलं. ख्रुश्चेव्ह पुढच्या महिन्यात इंग्लंडला जाणार होते, त्यांच्या सुरक्षेची तयारी बघायला जनरल सेरोव्ह त्यातून आले. रशियाकडे जेट प्रवासी विमान आहे यावरच पश्चिमेकडच्या लोकांचा विश्वास बसेना. आत डोकावणाऱ्यांना तर आणखी गंमत वाटली. बाहेर रॉकेटसारखं विमान आणि आत पडदे, लेस, लाकडी कलाकुसर, पितळी दिवे. एखाद्या जुन्या जमीनदाराचा दिवाणखाना उडतोय जणू.

१५ सप्टेंबर १९५६ पासून मॉस्को-ओम्स्क-इर्कुत्स्क ही नियमित फेरी सुरू झाली. आधी जिथे जवळपास चौदा तास लागत, तिथे आता पावणेआठ. ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेग. एवढ्या वेगाने अमझेऱ्याहून धार, सरळ रेषेत, दीड मिनिटाचं काम. पुढची दोन वर्षं, म्हणजे ऑक्टोबर १९५८ मध्ये सुधारलेलं कॉमेट आणि अमेरिकेचं बोइंग ७०७ येईपर्यंत, नियमित फेऱ्या करणारं जगातलं एकमेव जेट प्रवासी विमान हेच होतं. १९५८ मध्ये ताश्कंदमार्गे ते दिल्लीलाही येऊ लागलं.

पण बॉम्बरचे गुण प्रवाशांसोबत आले तसे दोषही आले. जमिनीवर उतरताना वेग भयंकर. थांबवायला मागे पॅराशूट सोडावं लागे, लढाऊ विमानासारखं. उडवायला हात जड. आणि मुख्य दुखणं उंचीवरचं. दहा-बारा किलोमीटरवर हवा इतकी विरळ की विमान कमाल आणि किमान वेगाच्या अगदी अरुंद पट्टीत तरंगत राही. तिथे खालून वर जाणाऱ्या हवेचा जोरदार लोट आला की नाक वर उचललं जाई. ते खाली दाबायला शेपटीवरच्या पट्ट्या पुऱ्या पडत नसत. मग विमान पंखांवरची पकड सोडून दगडासारखं खाली. बॉम्बरच्या वैमानिकाला पॅराशूट तरी असतं. इथे मागे सत्तर माणसं पट्टे बांधून बसलेली.

१५ ऑगस्ट १९५८ रोजी पूर्व सैबेरियात एक टीयू-१०४ असंच पडलं. ६४ जण गेले. कारण नीट उलगडलं नाही. वैमानिक हवेच्या लोटांबद्दल कुजबुजत होते. तुपोलेव्ह मात्र विमान चांगलं आहे, तुम्हाला ते उडवता येत नाही, अशा बाण्याने बोलत, अशी त्या काळच्या वैमानिकांची तक्रार राहिली आहे. बेरियापुढे न वाकलेली तीच मान आता दुसऱ्या दिशेला ताठ होती. कैदी तुपोलेव्हना चूक दाखवायला धैर्य लागलं. तीन दशकं थोरवी मिरवलेल्या तुपोलेव्हना चूक ऐकायला तेवढंच लागलं असतं.

१७ ऑक्टोबर १९५८. बीजिंगहून मॉस्कोकडे येणारं टीयू-१०४. आत चिनी आणि इतर देशांची शिष्टमंडळं. मॉस्कोत हवा खराब म्हणून विमानाला इकडून तिकडे पिटाळत शेवटी उरलकडे, स्वेर्दलोव्स्कला परत जायला सांगितलं. व्होल्गाकाठच्या कानाश गावाजवळ दहा किलोमीटर उंचीवर हवेच्या लोटाने त्याला गाठलं आणि काही क्षणांत दोनेक किलोमीटर वर फेकलं. मग ते उलटून खाली यायला लागलं.

कॅप्टन हॅरॉल्ड कुझनेत्सोव्ह यांना कळून चुकलं की आपण वाचत नाही. दोन मिनिटांचा अवधी होता. आधीच्या अपघातात काय झालं हे कुणालाच कळलं नव्हतं, कारण सांगायला कुणी उरलं नव्हतं. कुझनेत्सोव्ह रेडिओवर सांगत राहिले. नाक कसं उचललं गेलं, दांडा पूर्ण पुढे ढकलूनही विमान कसं ऐकत नाही, आता काय होतंय. शेवटपर्यंत. ८० जण गेले, पण जमिनीवर ते बोलणं नोंदलं गेलं होतं. आता वैमानिकाला उडवता येत नव्हतं, असं म्हणायची सोय उरली नाही.

मग कामं झाली. शेपटीच्या पट्ट्यांना जास्त वाव दिला गेला, मागच्या आडव्या पंखाचा कोन बदलला, उड्डाणाची उंची खाली आणली. तुपोलेव्हच्याच माणसांनी ती केली. त्यानंतर हवेच्या लोटाने पडण्याचे प्रकार थांबले. म्हणजे दुरुस्ती शक्य होती. ती ऑगस्टनंतर झाली असती तर, हा विचार आज वाचतानाही पाठ सोडत नाही. रशियात टीयू-१०४ वर काळ्या विनोदाची गाणी निघाली. लोक ती गुणगुणत विमानात बसत, कारण इर्कुत्स्कला जायचं तर दुसरं होतं काय?

दोष सगळा एका माणसाच्या माथी मारणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. जगाला दाखवायचं, इंग्रज-अमेरिकनांच्या आधी दाखवायचं, ही घाई क्रेमलिनची होती. पण बॉम्बरचंच प्रवासी विमान करायचा प्रस्ताव तुपोलेव्हचा होता, आणि त्यातल्या उणिवांची पुरती जाण असलेले जे थोडे लोक त्या देशात होते, त्यांत ते पहिले होते.

सुमारे २०० टीयू-१०४ बनली. त्यांचं धाकटं रूप, कमी पल्ल्याचं आणि लहान धावपट्टीवर उतरणारं टीयू-१२४, १९६० मध्ये उडालं आणि १९६२ पासून प्रवासी नेऊ लागलं. त्यातली काही भारतीय हवाई दलाने राष्ट्रपती-पंतप्रधानांच्या प्रवासासाठी घेतली, आणि त्यातलंच एक जोरहाटच्या भातशेतात संपलं. मॉस्कोत १७ मार्च १९७९ रोजी झालेल्या अपघातानंतर रशियन विमान कंपनीने टीयू-१०४ प्रवासी सेवेतून काढलं. नौदलाकडे एखाद-दुसरं उरलं होतं. ७ फेब्रुवारी १९८१ रोजी लेनिनग्राडजवळ उड्डाण करतानाच ते पडलं आणि रशियाच्या प्रशांत महासागरी आरमाराचे जवळजवळ सगळे वरिष्ठ अधिकारी एका फटक्यात गेले. जादा आणि वेडंवाकडं सामान भरल्याचा तो परिणाम होता. अणुयुद्धाच्या भीतीत जगणाऱ्या आरमाराने एवढे ॲडमिरल कुठल्याच लढाईत गमावले नव्हते.

हे बघायला तुपोलेव्ह नव्हते. १९६२ मध्ये त्यांची बायको युलिया वारली, तीच जी त्यांच्यामुळे तुरुंगात गेली होती. मुलगी डॉक्टर झाली. मुलगा अलेक्सेई बापाच्याच कचेरीत डिझायनर झाला आणि ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानाचं काम त्याने अंगावर घेतलं. हे टीयू-१४४ ३१ डिसेंबर १९६८ रोजी, इंग्रज-फ्रेंचांच्या काँकॉर्डच्या दोन महिने आधी उडालं. पुन्हा तीच शर्यत. २३ डिसेंबर १९७२ रोजी मॉस्कोत तुपोलेव्ह गेले, ८४ वर्षांचे होऊन. सहा महिन्यांनी पॅरिसच्या प्रदर्शनात टीयू-१४४ हजारो लोकांसमोर कोसळलं.

त्यांच्या विमानांचं भारतातलं वास्तव्य जोरहाटवर थांबलं नाही. १९८८ मध्ये टीयू-१४२ ही पाणबुड्या शोधणारी लांब पल्ल्याची विमानं भारतीय नौदलात आली. स्टालिनला नाही म्हणून बनवलेल्या त्या टीयू-९५ चंच हे रूप. त्यांचा पहिला मुक्काम गोव्यात, दाबोळीला होता. त्या वर्षांत मुरगाव-वास्को भागात राहिलेल्यांना चार इंजिनांची, प्रत्येकी दोन उलटसुलट फिरणाऱ्या पंख्यांची ती घरघर आठवत असेल. १९९२ मध्ये ती तमिळनाडूत अरक्कोणमला गेली आणि मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. त्यातलं एक आता विशाखापट्टणमला समुद्राकाठी संग्रहालय म्हणून उभं आहे.

मॉस्कोत रेडिओ रस्त्यावरची इमारत याउझा नदीच्या काठावर आहे. नदीकाठच्या रस्त्याला आता अकादमीशियन तुपोलेव्ह यांचं नाव आहे. तो रस्ता ज्या इमारतीच्या पायथ्याशी येतो, तिच्याच गच्चीवरच्या जाळीत त्यांना रोज फिरायला सोडत असत.